ड्रायव्हरला गाडी लागते

डेपोत त्यांना सगळे 'पाळणा' म्हणत. नाव ठेवलं होतं त्यांच्या कंडक्टरने, आणि ते उगाच नव्हतं. रडत रडत बसमध्ये चढलेलं मूल पुढच्या चौकापर्यंत जांभया द्यायला लागायचं आणि त्याच्या पुढच्या चौकात आईच्या खांद्यावर मान टाकायचं. काही आया तर पोर झोपत नसलं की मुद्दाम ह्यांची बस गाठतात, अशी बोलवा होती. गतिरोधक आला की ते बस अशी चढवायचे आणि अशी उतरवायचे, की उभ्या माणसाच्या हातातल्या कपातला चहा हलायचा, पण सांडायचा नाही. नव्या ड्रायव्हरांना साहेब सांगायचे, "पाळण्याच्या शेजारी उभे राहा आणि नुसते त्याचे पाय बघा." रोजचे प्रवासी त्यांना पाळणाकाका म्हणायचे. आपणही तेच म्हणू.

तर ह्या पाळणाकाकांना गाडी लागायची.

हसायचं असेल तर हसून घ्या, मग पुढे जाऊ. स्वतः चालवत असले की काही म्हणता काही व्हायचं नाही. घाटातली वळणं असोत नाहीतर खणून ठेवलेला रस्ता, काका आपले शीळ घालत चालवायचे. पण तीच गाडी दुसऱ्याच्या हातात गेली आणि काका मागच्या बाकावर बसले, की पहिल्या वळणाला तोंडात आंबट पाणी यायचं, दुसऱ्या वळणाला कपाळ घामाने डबडबायचं, आणि तिसऱ्या वळणाची वाट ते सहसा बघत नसत, उतरूनच जात. जन्म बसमध्ये गेला आणि बस सोसत नाही! दिव्याखाली अंधार असतो म्हणतात, तो इतका असतो.

डेपोत हे कळलं असतं तर त्यांना पळता भुई थोडी झाली असती. म्हणून काकांनी झाकली मूठ जन्मभर झाकलेलीच ठेवली. जवळ जायचं असलं तर चालत. लांब जायचं असलं तर आगगाडीने. तिचं आणि त्यांच्या पोटाचं कसं कोण जाणे, पण जमायचं. कुणाच्या गाडीतून जायची वेळ आलीच तर "मला रस्ता बघायची सवय आहे" म्हणून पुढची जागा बळकवायची. तेवढ्यानेही भागलं नाही तर मधेच गाडी थांबवायला लावायची. "मागच्या टायरचा आवाज येतोय, बघून येतो," म्हणून गाडीच्या मागे जायचं आणि थोड्या वेळाने रुमालाने तोंड पुसत परत यायचं. "हवा बरोबर आहे," असंही सांगायचं. एवढा टायरची काळजी करणारा माणूस कुणी पाहिला नव्हता.

अशा माणसाच्या निवृत्तीला लेकीने काय भेट द्यावी? बोटीची सफर.

रविवारी दुपारी लेक, जावई आणि नात घरी आले. नातीला सगळे भिंगरी म्हणत. पाच वर्षांचं ते पोर एका जागी उभं राहिलं तरी स्वतःभोवती फिरत असायचं. जावई लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होते. स्वभावाने इतके गरीब, की बंद पडलेल्या लिफ्टशीसुद्धा अहोजाहो करत असतील. त्यांनी साखरेच्या डब्याला टेकवून फोन उभा केला आणि बोटीचं चित्र दाखवलं. बोट कसली, पांढरीशुभ्र वसाहतच ती.

"बाबा, अकरा मजले!" जावई म्हणाले. त्यांचा आवाज आनंदाने फाटला होता. "आणि लिफ्ट किती सुंदर आहेत, काचेच्या!"

"भिंगरीला जायचंय समुद्र बघायला, ह्यांना लिफ्ट," लेक म्हणाली. "बाबा, तुम्ही सगळ्यांना फिरवलंत. आता आम्ही तुम्हाला फिरवणार. नाही म्हणायचं नाही."

काकांच्या पोटात गोळा आला. पोटात काय काय येऊ शकतं ह्याचा त्यांना अनुभव होताच. काहीतरी कारण सांगावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात भिंगरी येऊन मांडीवर बसली.

"आजोबा येणार असतील तरच मी येणार," तिने जाहीर केलं. मग मान वर करून विचारलं, "बोट तुम्ही चालवणार?"

"नाही गं. बोटीला कॅप्टन असतो."

"मग तुम्ही काय करणार?"

प्रश्न साधा होता. पण चालवत नसतो तेव्हा माणूस काय करतो, ह्याचा त्यांनी कधी विचारच केला नव्हता. महिनाअखेरीपासून तो रोजच करावा लागणार होता. त्यांनी भिंगरीच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मी तुझ्या शेजारी बसणार." ती खूश झाली, आणि काका पुरते अडकले.

काळजी दुहेरी होती. भिंगरीलाही गाडी लागायची. शाळेच्या बसमध्ये आठवड्यातून एखाददा तरी व्हायचंच. त्यावर जावई ओशाळून म्हणायचे, "हे आमच्याकडून आलंय. माझ्या एका आत्याला झोपाळ्यावरसुद्धा चक्कर यायची." आणि आपले पाळणाकाका काय म्हणायचे? "चालायचंच, असतं एकेका घराण्यात." असं म्हणून वर जावयांच्या पाठीवर थोपटायचेही. खाण तशी माती, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण कुठली खाण, हे सांगायची त्यांची छाती झाली नव्हती.

भिंगरीची एक गंमत मात्र होती. आजोबांच्या बसमध्ये तिला कधीच काही व्हायचं नाही. तिथे ती झोपायची.

घोडामैदान जवळ होतं. काकांनी ठरवलं, सराव करायचा. पोट म्हणजे शेवटी एक यंत्रच. रोज चालवलं की रुळतं. त्यांनी सुट्टीच्या दिवशी सगळ्यात वाईट रस्त्याची बस धरली आणि मुद्दाम अगदी मागच्या बाकावर, चाकाच्या वर बसले. बस चालवणारा पोरगा ब्रेक असा मारायचा की जणू ब्रेकशी त्याचं जुनं वैर आहे. प्रत्येक वेळी काकांचा उजवा पाय आपसूक जमिनीवर दाबला जायचा. शेजारच्या बाई शेवटी म्हणाल्या, "अहो, माझा पाय आहे तो." काका माफी मागून पुढच्याच थांब्यावर उतरले आणि घरापर्यंत चालत आले.

मग त्यांनी बागेतला झोपाळा धरला. सकाळी मुलं नसतात म्हणून ते आठच्या आधी जायचे. पण ही वेळ आसपासच्या सगळ्या आज्यांच्या फिरण्याची होती, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. पोलिसासारख्या मिशा असलेला माणूस डोळे मिटून, दात आवळून झोके घेतोय, हे पाहून त्या बायका रस्ता बदलायला लागल्या. न्हाव्याच्या दुकानात दाढी झाल्यावर काका खुर्ची गोल फिरवून घ्यायचे. "आणखी एकदा," म्हणायचे. न्हाव्याला वाटलं, निवृत्तीचा माणसाच्या मनावर परिणाम होतो खरा.

घरातली लिंबं संपायला लागली. आल्याचा तुकडा सदऱ्याच्या खिशात सापडायला लागला. गोळ्या घ्याव्यात म्हटलं तर औषधवाला रोज त्यांच्याच बसने येणारा. त्याला सांगणं आणि डेपोच्या फळ्यावर लिहिणं एकच. काकू शिवणयंत्रावर बसून हे सगळं बघत होत्या. त्या कपडे लहानमोठे करून द्यायचं काम घरीच करायच्या, आणि तोंडात टाचण्या असल्यामुळे त्यांना गप्प बसायची चांगली सवय होती.

शेवटच्या दिवशीच्या शेवटच्या फेरीला सगळं घर काकांच्या बसमध्ये चढलं. कंडक्टरने भिंगरीला आपल्याजवळ उभं केलं आणि दोरी दाखवली. "हे बघ, ही दोरी ओढली की तिकडे तुझ्या आजोबांच्या डोक्यावर घंटा वाजते. एकदा वाजली की थांबायचं. दोनदा वाजली की निघायचं. मी सांगितल्याशिवाय तुझा आजोबा कध्धी हललेला नाही."

"दोनदा वाजवली नाही तर?"

"तर बसेल तिथेच. म्हातारा होईल."

भिंगरीने त्या फेरीत दोरी ओढून ओढून हात दुखवून घेतले. डेपोच्या फाटकात मात्र कंडक्टरने स्वतः दोरी धरली आणि एकदाच ओढली. टिंग. काकांनी बस उभी केली, इंजिन बंद केलं आणि हात काही वेळ स्टिअरिंगवरच ठेवले. ह्यापुढे कुणी आपल्याला निघायची डबल घंटा देणार नाही, असं त्यांच्या मनात आलं. कंडक्टर खिडकीपाशी येऊन म्हणाला, "उतर पाळण्या. उद्यापासून तू प्रवासी." तो चेष्टा करत होता, पण त्याचेही डोळे भरले होते. मग दोघांनी एकमेकांना शिव्या दिल्या आणि चहा घेतला.

दुसऱ्या दिवसापासून घरात बॅगा निघाल्या. लेकीने भिंगरीचे कपडे काढले, जावयांनी तिला पाण्यात घालायला फुगवायच्या दंडपट्ट्या आणल्या आणि घरातच फुगवून स्वतः घालून पाहिल्या. त्या दंडातून निघेनात, तेव्हा काकूंनी कात्री उचललेली पाहून त्यांनी जोर केला आणि निघाल्या. भिंगरीने सगळ्या बॅगांवर बसून त्या चालवून पाहिल्या. आणि मग जावयांना ती कल्पना सुचली.

"बाबा, एक रंगीत तालीम करूया. बंदरातून पलीकडच्या धक्क्यावर जाणारी छोटी बोट असते ना, तिने जाऊन येऊ. भिंगरीला सवय होईल."

काकांची पाचावर धारण बसली. पण भिंगरी आधीच नवी टोपी घालून दारात उभी होती.

ती छोटी बोट म्हणजे बाकं टाकलेला एक मोठा डबा होता. सुटली तेव्हा बरी होती. मग बंदराबाहेर जाणारं एक मोठं जहाज शेजारून गेलं आणि त्याच्या लाटा आल्या. बोट एकदा इकडे कलली, एकदा तिकडे. काकांनी बाकाची कड धरली आणि नजर आपल्या बुटांवर लावली, जी अगदी चुकीची जागा होती. शेजारी भिंगरीचं फिरणं थांबलं होतं. ती इतकी गप्प होती की काकांनी मान वळवून पाहिलं, आणि त्याच क्षणी तिने नव्या टोपीत, फ्रॉकवर आणि वडिलांच्या बुटांवर सगळं काढून टाकलं.

समोरच्या माणसांनी पाय आखडून घेतले. कुणीतरी "अरे रे" म्हणालं. लेक पाण्याची बाटली शोधायला लागली.

भिंगरी रडली नाही. तिने हाताच्या पाठीने तोंड पुसलं आणि हळूच म्हणाली, "मला नाही यायचं मोठ्या बोटीवर."

"अगं, होतं असं," लेक म्हणाली. "तिथे नाही होणार."

"होणार. शाळेच्या बसमध्ये माझ्या शेजारी कुणीच बसत नाही. तिथे पण नाही बसणार."

हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. लेकीचा हात बाटलीवरच थांबला. जावयांचा चेहरा पार उतरला. ते गुडघ्यावर बसून तिचे बूट पुसत म्हणाले, "माझीच चूक आहे, बाळा. आमच्याकडूनच आलंय ते तुला."

काकांच्या पोटात तेव्हा काय चाललं होतं, हे सांगण्यासारखं नाही. पण त्याहून वर, छातीत, जे झालं ते त्यांना अजिबात सहन झालं नाही. एवढंसं पोर एकटं बसतंय, हा भला माणूस दुसऱ्याचं पाप आपल्या माथी घेतोय, आणि आपण टायर बघतोय! ते उठून उभे राहिले.

"खोटं आहे ते," ते म्हणाले. बसमध्ये मागपर्यंत ऐकू जावा असा त्यांचा आवाज होता आणि तो आत्ता सगळ्या बोटीत गेला. "जावईबापू, तुमचा काही संबंध नाही. हे माझ्याकडून आलंय. मला गाडी लागते. लहानपणापासून लागते. चालवताना नाही लागत, पण बसलो की लागते. बस लागते, मोटार लागते, आणि ही बोट तर..."

पुढचं वाक्य झालंच नाही. पोटातलं ओठावर येतं म्हणतात, ते काकांच्या बाबतीत सगळंच एकदम आलं. ते कसेबसे कठड्यापर्यंत पोचले.

मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "अहो, हे आपले पाळणाकाका ना?" आणि दुसरं कुणीतरी फस्सकन हसलं, आणि मग सगळी बोटच हसायला लागली. झाकली मूठ उघडली ती अशी भर समुद्रात.

काका कठड्यावर वाकलेले असताना त्यांच्या पाठीवर एक छोटा हात आला. तो हात गोल गोल फिरत होता, लेक भिंगरीच्या पाठीवरून फिरवायची तसाच.

"होतं असं," भिंगरी म्हणाली. "खाली बघू नका आजोबा. लांब बघा. आता बरं वाटेल." मग तिने बाजूच्या बाकावरची ओली जागा फ्रॉकच्या कोरड्या कोपऱ्याने पुसली. "बसा इथे. मी बसते तुमच्या शेजारी."

काका बसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. उलटीने येतं तसं, असं त्यांनी नंतर सांगितलं.

काकू समोरून सगळं पाहत होत्या. त्यांनी काकांची रोज कामावर न्यायची डब्याची कापडी पिशवी उघडून पुढे धरली. "घ्या. पुढच्या वेळी समुद्रात नको, ह्यात."

"ही डब्याची पिशवी आहे."

"आतून रबरी कापड लावलंय, ते कशाला लावलं असेल असं वाटलं तुम्हाला?"

"कालवण सांडू नये म्हणून."

"कालवण!" काकू म्हणाल्या. "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी भाड्याच्या गाडीतून येताना तुम्ही सारखे टायर बघायला उतरत होतात. घरी आल्याबरोबर शिवली मी पहिली पिशवी. आजवर चार पिशव्या झाल्या, आणि तुम्ही प्रत्येकीत डबाच नेलात."

"मग कधी बोलली कशी नाहीस?"

"तुम्हाला वाटत होतं ना, मला माहीत नाही. वाटू दिलं. तुमचा रुबाब होता त्यात."

लेक हसता हसता रडायला लागली आणि जावई तर इतके सुखावले होते की त्यांनी त्याच आनंदात काकांचेही बूट पुसले. त्यांच्या आत्याची आज निर्दोष सुटका झाली होती.

परतीला सगळे पायऱ्या चढून घरी आले तेव्हा भिंगरीच्या डोक्यात प्रश्न शिजत होता. स्वयंपाकघरात खुर्चीवर पाय हलवत तिने विचारला.

"चालवताना का नाही होत?"

काकांनी ह्याचाही कधी विचार केला नव्हता. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, म्हणून ते निवांत विचार करायला लागले. हात हवेत धरून त्यांनी एक वळण घेतलं, मग दुसरं.

"असं बघ. चालवताना मला वळण लांबूनच दिसतं. आधी माझे हात वळतात, मग गाडी वळते. पोटाला आधीच कळलेलं असतं. मागे बसलं की त्याला कुणी काही सांगत नाही, एकदम धक्काच बसतो. मग ते रुसतं."

"मग आपण पोटाला सांगायचं."

"कसं सांगणार?"

भिंगरी खुर्चीवरून उतरली, ओट्याखालचं कपाट उघडलं आणि आत अर्धी शिरून खडखडाट केला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात दोन झाकणं होती. मोठ्या पातेल्याचं तिने आजोबांना दिलं, दुधाच्या भांड्याचं स्वतः घेतलं.

"हे स्टिअरिंग," ती म्हणाली. "आपण पण चालवायचं."

दुसरं कुणी मोठं माणूस असतं तर हसून झाकण परत ठेवलं असतं. काकांनी मात्र ते दोन्ही हातांनी धरलं, वजन पाहिलं आणि म्हणाले, "जरा हलकं आहे. पण चालेल."

दुसऱ्या दिवशी दोघं काकांच्याच जुन्या मार्गाच्या बसमध्ये चढले आणि अगदी पुढच्या बाकावर बसले. ड्रायव्हर काकांच्या हाताखाली शिकलेला होता. आरशात त्याला दोन झाकणं दिसली, एक मोठं, एक लहान, आणि दोन्ही त्याच्या आधी वळत होती. चौक लांबून दिसला की काका पुटपुटायचे, "डावीकडे येतंय," आणि दोघं डावीकडे वळायचे. बस बिचारी मागून वळायची.

"काका," ड्रायव्हर न राहवून म्हणाला, "दोघं चालवताय तर मी उतरू का?"

"तू आपला ब्रेक हळू मार," काका म्हणाले. "आम्ही बाकीचं बघतो."

शेवटच्या थांब्यापर्यंत कुणालाच काही झालं नाही. उतरताना भिंगरी जरा फिकी दिसत होती आणि काकांच्या कपाळावर थोडा घाम होता, नाही असं नाही. पण टायर बघायला कुणी उतरलं नाही. फाटकापाशी सगळा डेपो जमला होता, कारण छोट्या बोटीवरची बातमी काकांच्या आधी तिथे पोचली होती. "पाळण्याला गाडी लागते!" कंडक्टर ओरडला. सगळे टाळ्या पिटून हसले, आणि काकांना वाटलं होतं तसं काही आकाश कोसळलं नाही. उलट दोन ड्रायव्हर हळूच बाजूला येऊन म्हणाले, "काका, झाकण कुठल्या मापाचं घ्यायचं?"

निघायच्या दिवशी लेकीने बॅगेतून झाकणं बाहेर काढली. "बाबा, मी गोळ्या घेतल्यात, डॉक्टरांना विचारून, दोघांसाठी. ही भांडी कशाला?" काकू म्हणाल्या, "असू दे. गोळी पोटासाठी, झाकण मनासाठी," आणि परत आत ठेवली. सोबत रबरी कापड लावलेल्या दोन नव्या पिशव्याही ठेवल्या, एक मोठी, एक छोटी, छोटीवर चिमणीचं चित्र भरलेलं.

बंदरावर बॅगा तपासणाऱ्या माणसाने यंत्राच्या पडद्यावर ते दोन गोल पाहिले आणि बॅग उघडायला लावली.

"हे काय आहे?"

"स्टिअरिंग," भिंगरी म्हणाली.

"दोन?"

"एक आजोबांचं."

त्याने काकांकडे पाहिलं. काकांनी गंभीरपणे मान हलवली. त्याने बॅग बंद केली आणि तो बाजूला झाला.

बोट खरोखरच अकरा मजली होती. जावई वर जाऊन परत खाली आले, आणि पुन्हा वर गेले. त्यांना लिफ्टमधून बाहेर काढायला लेकीला जावं लागलं. सुटायची वेळ झाली तेव्हा सगळे प्रवासी किनाऱ्याच्या बाजूला हात हलवायला जमले. काका आणि भिंगरी मात्र अगदी पुढच्या टोकाला गेले. काकांनी तिला एका बाकावर उभं केलं, म्हणजे तिला कठड्यावरून समुद्र दिसेल. काकू चहाचा कप घेऊन त्यांच्या मागच्या खुर्चीत बसल्या.

भोंगा वाजला. एवढा मोठा आवाज भिंगरीने कधी ऐकला नव्हता. ती आजोबांना चिकटली. "आजोबा, मला होणार का परत?"

"होईल कदाचित," काका म्हणाले. "मलाही होईल. मग आपण बाजूबाजूला बसू."

तिने दोन्ही झाकणं काढली. काकांनी आपलं हातात धरलं, पाय नीट टेकवले, समोर पाहिलं. पुढे सगळं मोकळं पाणी होतं. ना चौक, ना सिग्नल, ना गतिरोधक. एवढा रिकामा रस्ता त्यांना नोकरीत कधी मिळाला नव्हता. पण हात काही हलेनात. कशाची तरी वाट बघत असल्यासारखे ते नुसते उभे राहिले, आणि कशाची, ते त्यांचं त्यांनाही उमगेना.

भिंगरीला उमगलं. तिने फ्रॉकच्या खिशातून चमचा काढला. घरून निघताना तो कधी घेतला होता, कुणास ठाऊक. तिने आपलं झाकण वर धरलं आणि त्यावर चमचा मारला, एकदा आणि लगेच पुन्हा एकदा.

टिंग टिंग.

"चला आजोबा," ती म्हणाली. "आणि सावकाश हं. मागे आजी चहा पितेय."

काकांना समोरचं क्षणभर नीट दिसेना. मग त्यांनी डोळे पुसले, झाकण घट्ट धरलं आणि हलकेच वळवलं. पायाखाली बोट हलली. पाळणाकाकांनी ती अकरा मजली बोट धक्क्यापासून अशी सोडवली आणि बंदराबाहेर अशी काढली, की काकूंच्या कपातला चहा हलला, पण सांडला नाही.